आमची वाटचाल : गणपती पेठेतून चालणारा रेडिओ

सांगलीच्या गणपती पेठेत एका जुन्या पेढीच्या माडीवर आमचा स्टुडिओ आहे. तेथून आम्ही मराठी इंटरनेट रेडिओ चालवतो, पेठेतील आणि मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांच्या जाहिराती ध्वनिमुद्रित करतो आणि सामुदायिक, म्हणजे संस्थांनी नफ्याशिवाय आपल्या परिसरासाठी चालवलेल्या, रेडिओ केंद्रांत काम करणाऱ्या मुलामुलींना ध्वनिमुद्रण व संपादन शिकवतो. देशभर जाळे असलेल्या प्रसारण कंपन्यांपुढे इतक्या छोट्या फर्मचा टिकाव कसा लागला, असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. आम्ही आमची हद्द वाढवली नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. मात्र ती हद्द आम्ही कशी आखली आणि का जपली, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या वडिलांचा ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. हरिपूरची जत्रा, मिरजेचा उरूस, गणेशोत्सव आणि निवडणुका हे त्यांचे हंगाम. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत रिक्षावर भोंगा बांधून दुकानांच्या जाहिराती पुकारण्याचे काम चाले. तो मजकूर आधी कॅसेटवर आणि पुढे सीडीवर मुद्रित करण्यासाठी त्यांनी घरातल्याच एका खोलीला आतून गोधड्या लावल्या होत्या, आणि आमचा पहिला स्टुडिओ तोच. घरात रेडिओ दिवसभर सुरू असे, आणि सांगलीत रेडिओ म्हणजे १९६३ साली सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र, मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, पहाटेची भक्तिगीते, बाजारभाव, नाट्यसंगीत हे सारे आपल्या गावातून, आपल्या माणसांच्या आवाजात येते, याचे आम्हाला तेव्हा नवल वाटत नसे. ते नसते तर काय होते, हे पुढे अनुभवास आले, तेव्हा त्या केंद्राने आमच्या कानांवर केलेले संस्कार लक्षात आले.

खासगी एफएमचे धोरण केंद्र सरकारने १९९९ मध्ये आणले. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतील १०८ वाहिन्यांचा लिलाव झाला, पण परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारे होते आणि त्या ओझ्याखाली अनेकांनी माघार घेतली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात पद्धत बदलली. एकदाच प्रवेश शुल्क भरायचे आणि त्यानंतर दरवर्षी एकूण उत्पन्नाचा ४ टक्के वाटा किंवा ठरलेली किमान रक्कम, यांपैकी जे अधिक असेल ते सरकारला द्यायचे, असे ठरले. त्यामुळे सांगलीसारख्या मध्यम शहरांपर्यंतही खासगी एफएम पोहोचली. आम्हाला त्याचा आनंदच झाला होता. कापड पेठेतील साडीवाले, हरभट रोडवरील सराफ, विश्रामबागेतील क्लासवाले यांच्या जाहिराती आम्ही लिहायच्या, आमच्याकडे मुद्रित करायच्या आणि वाहिनीकडे नेऊन द्यायच्या, अशी घडी बसली. त्या पहिल्या काळात वाहिन्यांचे निवेदकही बरेचसे याच भागातले असत. कोणत्या चौकात वाहतूक तुंबली आहे हे त्यांना खिडकीतून दिसत असे.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्यातील धोरणाने एका कंपनीला आपल्या देशभरातील वाहिन्यांवर एकच कार्यक्रम लावण्याची मुभा दिली. कंपनीच्या हिशेबाने ते योग्यच होते, कारण एका शहरात तयार झालेला कार्यक्रम दहा शहरांत वाजला की प्रत्येक शहरातील खर्च उतरतो. पण त्या दहांपैकी नऊ शहरांसाठी तो कार्यक्रम परगावचा असतो. हळूहळू सकाळचा एखादा तास सोडला तर उरलेल्या दिवसात सांगलीचे नाव ऐकू येईनासे झाले. जाहिरातींचेही तसेच झाले. मोठ्या जाहिरात संस्था मुंबईत बसून शहरांचे गठ्ठे विकत घेतात, आणि मोठ्या शहरातील वेळ घेतला की लहान शहरातील वेळ जवळजवळ फुकटात पदरात पडतो. रेडिओचे श्रोते मोजणारी जी यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली, ती मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बेंगळुरू या चारच शहरांत मोजणी करीत असे. सांगलीत किती माणसे काय ऐकतात, हे त्या व्यवस्थेत कोणी मोजतच नव्हते. ज्याची मोजणी नाही त्याला किंमत कशी यावी? एका वाहिनीने आमच्याशी असलेला स्थानिक जाहिरातींचा व्यवहार बंद करून तो आपल्या मुख्य कार्यालयाकडे घेतला, तेव्हा आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग एका पत्रासरशी गेला. आमचे कापड पेठेतले ग्राहकही अडचणीत आले. त्यांना फक्त सांगली-मिरजेत आणि फक्त लगीनसराईत जाहिरात हवी असे, आणि त्यांच्यापुढे वार्षिक कराराचे कागद येऊ लागले.

आपणच रेडिओ चालवावा, हा विचार तेव्हापासून मनात घोळू लागला. रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात स्पष्ट सांगितले होते, आणि त्या निकालाचा आम्हाला आजही मोठा आधार वाटतो. तथापि ही संपत्ती वापरायला मिळण्याचे दरवाजे दोनच आहेत. एक लिलावाचा, आणि तिथे आमच्या ऐपतीचा प्रश्नच नव्हता. दुसरा सामुदायिक रेडिओचा. तो २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी उघडला गेला. कृषी विज्ञान केंद्रांनाही तो खुला आहे, परंतु नफ्यासाठी चालणाऱ्या फर्मला नाही. ही अट आम्हाला मनापासून मान्य आहे, कारण ती नसती तर सामुदायिक रेडिओच्या नावाने दुकानेच उघडली असती. मात्र या दोहोंच्या मध्ये, म्हणजे एका तालुक्यापुरते प्रसारण करून त्यावर प्रामाणिकपणे पोट भरू पाहणाऱ्या छोट्या व्यावसायिकासाठी, आपल्या देशात जागाच ठेवलेली नाही. तालुक्याच्या गावात साप्ताहिक काढणारा संपादक असतो, छापखाना असतो, केबलवाला असतो. रेडिओवाला असू शकत नाही. धोरणातली ही उणीव आम्हाला वर्षानुवर्षे खुपत आली आहे.

इंटरनेटला मात्र असा परवाना लागत नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तासगावच्या द्राक्षबागेतील मजुराच्या हातातही रेडिओ ऐकू येईल असा फोन दिसू लागला. आम्ही ६४ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटांचा, ध्वनिप्रवाह ठेवला. त्यासाठी ऐकणाऱ्याला तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो. या धंद्याचे अर्थशास्त्र एफएमच्या अगदी उलटे आहे, आणि नव्याने यात उतरणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावे. एफएमच्या मनोऱ्यावरून एकदा प्रसारण सुरू झाले की शंभर जणांनी ऐकले काय किंवा लाख जणांनी ऐकले काय, वीजबिल तेच येते. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, त्यामुळे ऐकणारे वाढले की सर्व्हरचा खर्चही वाढतो. दुबई आणि पुण्यातून ऐकणाऱ्या सांगलीकरांचा आम्हाला जिव्हाळा आहे, पण त्यांच्या ऐकण्याचा खर्च कापड पेठेतील दुकानदार का सोसेल? आमची हद्द आम्ही कृष्णाकाठापुरती आखली, त्यामागे हा हिशेबही होता.

गाण्यांचा प्रश्न याहून कठीण निघाला. रेडिओ म्हणजे गाणी, अशीच सर्वांची समजूत असते. परवानाधारक एफएम वाहिन्यांसाठी कॉपीराइट मंडळाने २०१० मध्ये ध्वनिमुद्रणांचे मानधन निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले, आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीत ३१ ड या कलमाने प्रसारकांना ठरावीक दरात गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना मिळाला. हे कलम इंटरनेटवरील प्रसारणाला लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मोठ्या वाहिनीला जे गाणे कायद्याने ठरलेल्या दरात मिळते, तेच आम्हाला हवे असेल तर संगीत कंपनीच्या दारात जाऊन तिच्या मर्जीने ठरलेल्या किमतीला घ्यावे लागते. गीतकार, संगीतकार आणि गायक यांना त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. दर उत्पन्नाच्या प्रमाणात असावा आणि लहानाला तो मोठ्याहून जड पडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चित्रपटगीते परवडत नाहीत म्हटल्यावर आम्ही आपल्या भागात काय आहे ते पाहू लागलो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये मराठीतील पहिले नाटक सादर केले ते या गावात, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची समाधी मिरजेच्या दर्ग्यात आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर तार चढते आणि ती वाद्ये देशभर जातात. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भजनी मंडळे तर गावोगाव आहेत. आम्ही मंडळांकडे जाऊन त्यांच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रण करू लागलो. परंपरेतील अभंगांना हक्काचा प्रश्न येत नाही, पण गाणाऱ्यांना मानधन आम्ही ठरवून देतो, ते कितीही लहान असले तरी. तंतुवाद्य कारागिराच्या दुकानात बसून जवारी काढतानाचा, म्हणजे तारांखालची घोडी घासून स्वर खुलवतानाचा, आवाज आम्ही मुद्रित केला. घासायची पात हाडाच्या घोडीवरून फिरते, कारागीर तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा पात फिरवतो, आणि बऱ्याच वेळाने तोच स्वर एकदम उघडतो. संपादन न करता आम्ही तो तसाच लावला, आणि त्याबद्दल श्रोत्यांचे जितके फोन आले तितके कोणत्याही लोकप्रिय गाण्याला आले नसते, असे मला वाटते.

आमचा खरा पाया मात्र बाजार आहे. सांगलीची हळद आणि बेदाणा यांचे सौदे म्हणजे या जिल्ह्याच्या घराघरांतील हिशेब. हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा हंगाम जानेवारीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळाभर चालतो. त्या दिवसांत आमच्याकडचा मुलगा मार्केट यार्डात सौद्याच्या घोळक्यात मायक्रोफोन घेऊन उभा असतो. पोत्यातली हळद काढून अडत्या हातात देतो, खरेदीदार कांडी मोडून आतला रंग पाहतो, भाव पुकारला जातो, हमाल पुढच्या वक्कलाकडे, म्हणजे मालाच्या पुढच्या ढिगाकडे, सरकतात. दर कोणालाही वाचून दाखवता येतो. आमच्या श्रोत्याला ते वक्कल कोणत्या प्रतीचे होते, ओलावा किती होता, कणी की गाठी, आणि खरेदीदार का अडला, हे हवे असते. म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्ही अडत्यालाच बोलते करतो. बेदाण्याच्या सौद्यात नमुना पाहताना माल उधळला जातो, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती आम्ही शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकवली आणि व्यापाऱ्यांनाही त्यांची बाजू मांडायला बोलावले. त्यातले काही व्यापारी आमचे जाहिरातदार होते. ते रागावले नाहीत असे नाही, पण जाहिराती सुरू राहिल्या, कारण त्यांचा माल ज्या शेतकऱ्याकडून येतो तो हा कार्यक्रम ऐकतो, हे त्यांना ठाऊक होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आमच्या कामाला वेगळे वळण दिले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली होते. आमची माडी वाचली, तरी वीज नव्हती, म्हणून एक लॅपटॉप आणि एक मायक्रोफोन घेऊन आम्ही विश्रामबागेत मामांच्या घरी गेलो आणि तेथून प्रवाह सुरू ठेवला. नैसर्गिक आपत्तीची प्रशासनाने दिलेली माहिती खासगी एफएमवरूनही देता येते. नियमाची अडचण नव्हती. परंतु ‘पाणी ५२ फूट’ या आकड्याचा अर्थ खणभागात एक आणि गावभागात दुसरा असतो, आणि तो सांगायला इथल्याच माणसाची गरज असते. दर तासाला आम्ही पुलाजवळची पातळी, कोयनेतून सुटणारे पाणी आणि कोणत्या गल्लीत कुठवर पाणी आले आहे, हे सांगत राहिलो. फोनची बॅटरी आणि डेटा वाचावा म्हणून प्रवाह २४ केबीपीएसवर आणला. तेच निवेदन दोन मिनिटांच्या ध्वनिफितीत बांधून आम्ही व्हॉट्सॲपवरही पाठवत होतो, आणि खरे सांगायचे तर त्या फिती प्रवाहापेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत गेल्या.

त्याच दिवसांत इंटरनेटची मर्यादाही लख्ख दिसली. टॉवर बंद पडले, फोन विझले, आणि ज्यांच्याकडे सेलवर चालणारा साधा रेडिओ होता त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचू शकत नव्हतो. पुरात शेवटपर्यंत टिकणारे प्रसारण हवेतूनच गेले पाहिजे, हे त्यानंतर आमच्या मनाशी पक्के झाले, आणि आम्ही सामुदायिक रेडिओच्या कामाकडे वळलो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालते, आणि आमच्याच जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. दोन्ही दुष्काळी टापूतली केंद्रे. अशा केंद्राला १०० वॉटपर्यंतची प्रसारणशक्ती आणि ३० मीटरपर्यंत उंचीचा मनोरा वापरता येतो, आणि सपाट मुलखात आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी घडवलेले असावेत, असा नियम आहे. म्हणूनच आम्ही अशा केंद्रांना तयार कार्यक्रम विकत नाही. तिथल्या बायामुलांना मायक्रोफोन धरायला, वाऱ्याचा आवाज टाळायला, मुलाखतीतला रिकामा भाग कापायला आणि बोलणाऱ्याचे शब्द न मोडता ती छोटी करायला शिकवतो. या शिकवण्याचे शुल्क हा आता आमच्या उत्पन्नाचा स्थिर भाग झाला आहे.

सामुदायिक केंद्रांचे पैशाचे गणित अवघड असते. सुरुवातीला त्यांना तासाला ५ मिनिटेच जाहिराती घेता येत होत्या. ती मर्यादा पुढे ७ मिनिटे आणि फेब्रुवारी २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत १२ मिनिटे झाली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. देशात २०२४ मध्ये सुमारे ५०० सामुदायिक केंद्रे होती आणि खासगी एफएम वाहिन्या ११३ शहरांत ३८८. संख्येने सामुदायिक केंद्रे अधिक असूनही जाहिरातीचा पैसा कोठे जातो, हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यातील काही वाहिन्या तरी त्या त्या गावातील माणसांच्या हाती जाव्यात, अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण लिलावाची रचना तशीच राहिली आणि एक कार्यक्रम देशभर लावण्याची मुभाही तशीच राहिली, तर नव्या शहरांतही जुनेच जाळे पसरेल. काही तास तरी त्या शहरातच तयार झालेला कार्यक्रम वाजवण्याचे बंधन घातले, तर त्यातून प्रत्येक शहरात चार निवेदक, दोन ध्वनिमुद्रक आणि एखादी आमच्यासारखी फर्म उभी राहू शकते.

आमच्याकडे जाहिरात देणारा ग्राहक आजही तोच आहे, जो पूर्वी वडिलांकडे रिक्षा फिरवायला येत असे. त्याला आम्ही गठ्ठा विकत नाही. आठवडाभराची, एका सणापुरती, अगदी एका दिवसाच्या सेलपुरती जाहिरातही घेतो. दुकानदाराने स्वतःच्या आवाजात बोलावे, असा आमचा आग्रह असतो, कारण मिरजेत मिरजेचा आवाज ओळखला जातो. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीतला सफाईदारपणा त्यात नसतो. पण ‘मी अमुक दुकानाचा मालक बोलतोय’ असे ऐकल्यावर माणसे दुकानात येऊन त्याच मालकाला शोधतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. बातमीवजा मजकूर देत असल्यामुळे २०२१ च्या डिजिटल माध्यम नियमांनुसार तक्रार निवारणाची व्यवस्था आम्ही केली आहे, आणि भाव चुकीचा सांगितला गेल्याची तक्रार आली तर त्याच दिवशी संध्याकाळी दुरुस्ती सांगतो.

सध्या फर्ममध्ये माझा धाकटा भाऊ तांत्रिक बाजू पाहतो, माझी पत्नी हिशेब आणि करार पाहते, आणि निवेदनाचे काम करणारी तरुण मुले सांगली, तासगाव आणि पलूसची आहेत. त्यांतील दोघींना मोठ्या वाहिन्यांकडून बोलावणे आले आणि त्या गेल्या. त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. येत्या हंगामापासून हळदीबरोबर कवठेमहांकाळ आणि जतकडच्या डाळिंबाचे दरही रोज घ्यायचे ठरले आहे, आणि त्यासाठी त्या भागातील दोन शेतकरी कुटुंबांतील मुलींना आम्ही सध्या ध्वनिमुद्रण शिकवत आहोत. पावसाळ्यापूर्वी विश्रामबागेतील पर्यायी स्टुडिओत सौरऊर्जेवर चालणारी बॅटरी बसवायची आहे; तिचे दरपत्रक आले असून काम पुढच्या महिन्यात सुरू होईल.